पेरूतली उडीबाज अळी

नेपानगरच्या बाजारातून जाम आणलाय. जाम म्हणजे पेरू! पिवळाधमक, घमघमणारा. चिरला आणि... ई! आत पांढऱ्या अळ्या!

थांबा, फेकू नका. आधी बघा तर. अळी अंगाचं कडं करते आणि टुण्णकन उडी मारते! पाय नाहीत, पंख नाहीत, तरी उडी!

ही कोण, ओळखा पाहू? फळमाशीचं बाळ! आई माशीच्या शेपटीकडे सुईसारखी नळी असते. ती सालीत टोचून आत अंडी घालते. बाहेरून दिसतो फक्त एक बारीक ठिपका. अळी पोटभर गर खाते, मग उड्या मारत मातीत शिरते. तिथे कोष, आणि कोषातून नवी माशी!

आपल्या बुऱ्हाणपूरच्या केळीबागा मात्र बऱ्याच सुटतात. केळी कच्ची, हिरवीच उतरवतात ना! ती कडक साल माशीला सहसा नको असते.

मग औषध फवारलं की काम झालं? छे! औषध सालीवर, अळी आत. आणि माश्यांचं काय? आई पीठ चाळते तेव्हा कोंडा अडकतो, बारीक पीठ निसटतं. औषधही तसंच. बहुतेक माश्या अडकतात. पण एखादी जन्मतःच वेगळी असते. औषध शरीरात जिथे जाऊन चिकटतं, ती जागाच तिच्यात जराशी बदललेली! ती निसटते. पिल्लंही तशीच होतात. पुन्हा तेच औषध, पुन्हा तीच चाळणी... शेवटी उरतात सगळ्या निसटणाऱ्याच! तैवान आणि चीनमध्ये मॅलाथिऑन नावाच्या औषधाला दाद न देणाऱ्या फळमाश्या सापडल्या आहेत. माशी शाळेत जाऊन हे शिकली नाही हं! चाळणीनेच तिला निवडलं.

आता युक्त्या ऐका. 1912 साली बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाच्या कीटकतज्ज्ञाने एक अजब गोष्ट लिहिली. डास पळवायला लावतात ते सिट्रोनेला तेल फळमाश्यांना मात्र बोलावतं. आणि येतात ते फक्त नर! त्यामागचं द्रव्य म्हणजे मिथिल युजेनॉल. अंगणातल्या तुळशीतही ते असतं! नर ते चाटतात आणि त्यापासून माद्यांना भुलवणारं अत्तर अंगातच तयार करतात. आहे की नाही कमाल? दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच वासाने नरांना पकडतो. नवरदेवच गायब, मग वरात कसली!

दुसरी युक्ती अगदी नेपानगरची वाटावी अशी. फळ लहान असतानाच त्याला कागदाची पिशवी घालायची. देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना आपल्याच गावात, मग जुन्या पेपरची पिशवी नको का? माशी टोचणार कुठे?

तिसरी युक्ती जपानच्या ओकिनावा बेटांवरची. तिथे कारल्यांना टोचणारी माशी होती, आपल्याकडे कारली-काकड्या खराब करते तीच. तिच्यामुळे तिथलं कारलं जपानच्या मोठ्या बेटांवर न्यायला बंदी! शास्त्रज्ञांनी काय केलं? नुसत्या माश्या मारत बसले नाहीत, उलट कोट्यवधी वाढवल्या! कोषांवर गॅमा किरण सोडले आणि नर असे केले की त्यांच्याशी जोडी जमली तरी अंडी फुटतच नाहीत. वर्षानुवर्षं ते सोडत राहिले. 1993 पर्यंत माशी संपली, बंदी उठली.

आणि मोठ्या बेटांवरच्या मुलांना? ताटात कारलं!