धडधडत्या हृदयाचा फोटो

“श्वास सोडा, आता रोखून धरा.” एमआरआयच्या बोगद्यातला रुग्ण श्वास थांबवतो; हृदय थोडंच थांबणार? म्हणून यंत्र ईसीजीशी मेळ साधत अनेक ठोक्यांमधून थोडेथोडे रेडिओ संकेत टिपतं. त्यांतून चित्र उभं करणं हे गणिताचं काम.

१९९९ मध्ये क्लास प्रुसमन आणि सहकाऱ्यांनी ‘सेन्स’ पद्धत मांडली. छातीवरची प्रत्येक कॉइल वेगळ्या जागेवरून संकेत पकडते, त्यामुळे काही नोंदी गाळल्या तरी भागतं.

२००७ मध्ये मायकेल लस्टिग आणि सहकाऱ्यांनी त्याहून धीट युक्ती एमआरआयसाठी वापरली. नोंदी ठरावीक अंतराने गाळल्या तर चित्रावर चित्र चढतं. वेड्यावाकड्या गाळल्या तर नुसती खरखर उरते, आणि ती संगणक निपटतो. धाप लागणाऱ्या रुग्णाला मग श्वास कमी वेळ रोखावा लागतो. मात्र गाळणी अति झाली, तर झडपेची बारीक हालचालही पुसट होते.