कार्डावर काय लिहावं, इनलँडमध्ये काय

“आज गुडघा बरा आहे. नातू मात्र सर्दीनं बेजार. तुमच्याकडे पाऊस कसा?” असा मजकूर तुमच्या आईच्या किंवा आजीच्या मोबाइलवर रोज सकाळी येत असेल. खाली लगेच कोणीतरी लिहितं, “वाफ दे वो त्याला.” मग कोणाच्या सुनेला सातवा महिना लागलेला असतो, कोणाच्या जावयाची बदली झालेली असते, कोणाची शुगर वाढलेली, तर कोणाच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. तरुण मंडळींना हे सगळं रिकामपणाचं वाटतं. माझा मुलगा आमच्या ग्रुपला ‘ओपीडी’ म्हणतो. नाव काही वाईट नाही. पण ओपीडीत पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून मोकळं करतात. इथे बाई वर्षभर तुमचा खोकला लक्षात ठेवतात.

आम्ही चौदा जणी. बालाघाटला एका शाळेत शिकलो, आता सगळ्या साठीच्या आसपास. चौघी इथेच आहोत. बाकीच्या गोंदिया, तुमसर, नागपूर, रायपूर, जबलपूर, पुणे अशा पांगल्या आणि एक न्यू जर्सीला लेकाकडे. भेट होते ती लग्नात नाहीतर तेरवीला. रोजची विचारपूस फोनच्या पडद्यावरच.

आपल्या भागाला हे पांगणं नवं नाही. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला तोच भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून. पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं. कागदावर रेघ पडली, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. बाघ नदीच्या अलीकडची मुलगी पलीकडे आणि पलीकडची इकडे. आजही घरात कोणाचं दुखणं लांबलं की म्हातारी माणसं म्हणतात, “एकदा नागपूरला दाखवून आणा.” आणि नागपूरला दाखवायचं म्हटलं की आधी आठवतं, तिथे आपलं कोण आहे.

पूर्वी ही विचारपूस पत्रांवर चालायची. भारतात पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. माझ्या लहानपणी ते घरोघरी होतं, आणि त्याची एक शिस्त होती. कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, दारात बसलेले शेजारी वाचणार, ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवणाराही वाचणार. म्हणून कार्डावर लिहायचं ते असं : रोवणी आटोपली, काकूंचा खोकला कमी आहे, मुलं परीक्षेत पास झाली. मुलीचं पोट पडलं, वडिलांना क्षयाचा संशय आहे, दोन भावांत बोलणं बंद आहे, हे सगळं इनलँडमध्ये. तीन बाजूंनी डिंक लावून, ज्याला कळवायचं त्याच्याच नावानं. मृत्यूची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि वर ‘श्री’ नसायचा. ते पाहिलं की घरातलं जाणतं माणूस आधी हातात घ्यायचं. ही शिस्त शाळेत कोणी शिकवली नाही, पण चुकत कोणी नव्हतं.

मोबाइलनं कार्ड आणि इनलँड एकाच पडद्यावर आणून ठेवलं. गंमत तीच आहे आणि अडचणही तीच.

आधी गंमत सांगते, कारण तिचा उपयोग मोठा आहे. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी सुरू झाली. गोंदिया आपल्याला जवळच, पण पासाशिवाय राज्याची सीमा ओलांडता येईना. त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले. फोनवरून, व्हिडिओवरून डॉक्टरांना तब्येत दाखवण्याला रीतसर चौकट मिळाली, आणि पुढच्याच महिन्यात ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. आम्हाला हे कोण सांगणार? ग्रुपवरच्या एकीच्या भाचीनं सगळ्यांना फोनवर समजावलं. कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात, कोणत्या दुकानात मिळतात, कोणाच्या घरी तापाचं माणूस आहे आणि डबा कोण पोचवणार, हे सगळं त्या दिवसांत ग्रुपवरच ठरलं. सुप्रभातवाली फुलं आपोआप मागे पडली.

दुसरा उपयोग त्याहून साधा. आमची गोंदियाची मैत्रीण तीन आठवडे अधूनमधून लिहीत होती. एकदा, “जिना चढले की दम लागते.” एकदा, “आज स्वयंपाक सुनेनं केला, मला कंटाळा.” एकदा, “मंदिरात गेली नाही, पाय जड.” प्रत्येक वेळी मध्ये चार दिवस आणि शंभर दुसरे निरोप. घरच्यांना वाटलं वय झालं. रायपूरच्या मैत्रिणीनं मात्र तिन्ही निरोप जोडून पाहिले. ग्रुपवर काही न लिहिता तिनं थेट फोन केला, “काहून वो, काय होऊन राहिलं तुला?” आणि तपासणी होईपर्यंत पाठ सोडली नाही. हिमोग्लोबिन निघालं ७. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं तरी अ‍ॅनिमिया म्हणतात, ८ च्या खाली म्हणजे तीव्र. कारण शोधलं, उपचार झाले, बाई आता जिना चढते. किरकोळ वाटणारं दुखणं वेळच्या वेळी बोलून ठेवल्याचा हा फायदा. घरात रोज बघणाऱ्याला जे हळूहळू सवयीचं होतं, ते लांबच्या माणसाला दिसतं.

आता अडचण. पहिली अडचण इलाजांची. कोणी दुखणं लिहिलं की पाच मिनिटांत सहा इलाज येतात, आणि त्यांतले चार कुठून तरी पुढे ढकललेले असतात. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवांमुळे माणसं मारली गेली होती. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात त्याच महिन्याच्या १ तारखेला पाच जणांचा जीव गेला होता. एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो आणि त्यावर दुहेरी बाण दिसतो. तो बाण दिसला की आम्ही विचारतो, “हे तू स्वतः केलंस का?” कारण घरगुती म्हणजे निर्धोक असं नाही. दुधी भोपळ्याचा रस घ्या. रोज सकाळी रस प्यावा असे निरोप किती फिरतात! पण २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं सांगितलं की रस काढण्याआधी दुधीची फोड चाखून पाहा, कडू लागली तर टाकून द्या. हे वाक्य मात्र कोणी पुढे ढकलत नाही.

काही दुखणी तर ग्रुपवर विचारायचीच नसतात. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळायला लागलं, तर तो लकवा असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या वेळेत “मैत्रिणींनो, हे कशानं होत असेल?” असं लिहीत बसायचं नाही. १०८ लावायचा. हा नंबर बाघ नदीच्या दोन्ही काठांवर चालतो.

दुसरी अडचण मात्र औषधाची नाही, माणुसकीची आहे. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीचा बायॉप्सीचा रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरची निघाली. तिनं ते फक्त नवऱ्याला आणि एका मैत्रिणीला सांगितलं होतं. मुलगी पुण्याला नोकरी करते. शनिवारी ती घरी येणार होती, तेव्हा समोर बसवून सांगायचं असं आईनं ठरवलं होतं. त्या मैत्रिणीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिनं गुरुवारी ग्रुपवर लिहिलं, “सगळ्यांनी हिच्यासाठी प्रार्थना करा.” तासाभरात ते दुसऱ्या एका ग्रुपवर गेलं, तिथून तिसऱ्या. रात्री मुलीला एका दूरच्या मावशीचा निरोप आला, हात जोडल्याच्या चित्रासकट, “आईची काळजी घे बेटा, धीर धर.” मुलीनं आईला फोन लावला आणि विचारलं, “काय झालंय तुला, जे मावशीला माहीत आहे?”

आमची मैत्रीण नंतर म्हणाली, “गाठ माझी होती, पण सांगणं माझ्या हातात राहिलं नाही.” ग्रुपवर दोन दिवस कोणी काही लिहिलं नाही.

आपल्या भागात ह्या गोष्टीला आणखी एक धार आहे. विदर्भात आणि मध्यप्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, आणि आता तरुण मुलामुलींच्या तपासण्या होतात. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो. मात्र नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी हे एकमेकांना माहीत असायलाच हवं. पण कोणाला? त्या मुलाला आणि त्या मुलीला. “अमकीच्या लेकीत सिकलसेल निघालं” एवढं अर्धवट वाक्य नातेवाइकांत फिरलं, तर वाहक आणि रोगी यातला फरक कोणी विचारत बसत नाही. स्थळं मुकाट्यानं परत जातात. मग पुढच्या घरातली मुलगी तपासणीलाच नाही म्हणते. एका फुकटच्या निरोपानं पूर्ण अभियानाचं काम उलटं होतं.

त्या दोन दिवसांच्या शांततेनंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. ज्याचं दुखणं, खबर त्याची. दुसरीनं सांगायची असेल तर आधी विचारायचं. आपलं किरकोळ दुखणं मोकळेपणानं लिहायचं, ते कार्ड. रिपोर्ट, बाळंतपण, मन खचल्याच्या गोष्टी एकीला फोन करून, ते इनलँड. मनाचं ओझं मैत्रिणीलाही सांगवत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, आणि तो आम्ही सगळ्यांच्या फोनमध्ये घालून दिला. इलाज सांगताना “मला याचा उपयोग झाला” एवढंच म्हणायचं, “तू हे घे” म्हणायचं नाही. आणि मृत्यूची खबर ग्रुपवर टाकण्याआधी घरच्या सगळ्या माणसांना फोन गेलेत ना, हे विचारून घ्यायचं. कोपरा फाडता येत नाही, पण थांबता येतं.

तरुण वाचकांनो, तुम्ही आईवडिलांना फोन घेऊन दिला, बोटं कशी फिरवायची ते शिकवलं. आता एक काम करा. आई ग्रुपवर काय लिहिते ते कधीतरी तिच्याजवळ बसून विचारा. “जरा दमल्यासारखं वाटतं” हे वाक्य ती तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही कामात असता. ते तिनं मैत्रिणींना सांगितलेलं असतं. आणि तुमच्या घरातला रिपोर्ट मामेभावंडांच्या ग्रुपवर टाकण्याआधी, ज्याचा आहे त्याला विचारा.

आमच्या त्या मैत्रिणीचे उपचार नागपूरला चालू आहेत. नागपूरवाली तिच्याबरोबर जाते, बालाघाटच्या आम्ही तिघी घराकडे बघतो. तब्येतीचं ती स्वतःच लिहिते, दर रविवारी, तिला वाटेल तेवढं. मधल्या दिवसांत आम्ही एवढंच विचारतो, “आज भाजी कोणती केलीस वो?” परवा तिचं उत्तर आलं, “चिन्नोरचा भात केला आणि दोन घास जास्त जेवले.” चौदाही जणींनी वाचलं, आणि पुढे कोणी पाठवलं नाही.