संमतीची सही आणि संमती

या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी वैद्यकीय व्यवसायातील एखादा चालू प्रश्न निवडावा, अशी सूचना शाळेने केली. डॉक्टरांवरील हल्ले, उपचारांचा वाढता खर्च, प्रवेशपरीक्षांचे गोंधळ असे विषय समोर होतेच. मी मात्र एक कागद निवडला : शस्त्रक्रियेपूर्वी ज्यावर सही घेतात ते संमतिपत्र. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी त्यावर केव्हा ना केव्हा सही केली असेल. किती जणांनी ते वाचले, हे विचारून मी कोणालाही अडचणीत आणू इच्छित नाही.

या कागदाचे महत्त्व आपल्याकडे एका खटल्याने स्पष्ट केले. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांच्या एक अविवाहित बाई रक्तस्रावाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेल्या. पोटात दुर्बीण घालून करावयाच्या तपासणीला व त्या अनुषंगाच्या शस्त्रक्रियेला त्यांनी संमती दिली. त्या भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व बीजांडे काढून टाकण्यात आली. समीरा कोहली खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. डॉक्टरांनी हे सद्भावनेने व रुग्णाच्या हितासाठी केले, हे न्यायालयाने मान्य केले; तरीही ते अनधिकृत ठरवले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. बाई सज्ञान होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांना विचारता आले असते. शस्त्रक्रियेचे शुल्क नाकारण्यात आले आणि २५,००० रुपयांची भरपाई देण्यात आली. रक्कम लहान होती, तत्त्व मोठे होते. आईचे प्रेम कितीही खरे असले, तरी मुलीच्या देहाविषयी सही करण्याचा अधिकार त्यातून येत नाही.

याच निकालात, डॉक्टरांनी काय सांगितले पाहिजे हेही आले : उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याला असलेले पर्याय, लक्षात घेण्याजोगे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम. क्वचित उद्भवणाऱ्या प्रत्येक धोक्याची यादी वाचून रुग्णाला घाबरवावे, अशी अपेक्षा नाही. इंग्लंड-स्कॉटलंडात कायदा याहून पुढे गेला आहे. तेथे २०१५ च्या माँटगोमेरी निकालाने, डॉक्टरांना काय सांगणे योग्य वाटते यापेक्षा त्या विशिष्ट रुग्णाला काय महत्त्वाचे वाटले असते, या कसोटीला अग्रस्थान दिले. मला ती कसोटी अधिक न्याय्य वाटते, पण ती पाळण्यासाठी रुग्णाची ओळख असावी लागते आणि ओळखीला वेळ लागतो.

आमच्या व्यवसायाचे खरे दुखणे येथे आहे. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. त्यानंतर संमतिपत्रे लांबत गेली, संभाषणे मात्र आखूडच राहिली. जगातील अनेक देशांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्राथमिक वैद्यकीय भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये सुमारे साडेबावीस मिनिटे आणि भारतात दोन मिनिटांच्या आसपास असल्याचे दिसते. मोठ्या रुग्णालयात तर ही सही बहुधा निवासी डॉक्टर रात्री घेतो. त्याचे सलग काम दिवसाला साधारणपणे १२ तासांहून अधिक असू नये, असा निर्देश केंद्रीय आरोग्य खात्याने १९९२ सालीच काढला होता. तो कितपत पाळला जातो, हे कोणत्याही निवासी डॉक्टराच्या आईला विचारावे. चोविसाव्या तासाला त्या मुलाकडून पर्यायांची शांत चर्चा होईल, असे मानणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

आपल्या बेळगावात त्यात भाषेची भर पडते. एकाच कक्षात खानापूरचा मराठी रुग्ण, बैलहोंगलचा कन्नड रुग्ण आणि गोव्याहून आलेल्या कोकणी बाई असतात, आणि कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो. सीमाप्रश्नावर आपण सारे हिरिरीने बोलतो. पण रुग्णाची भाषा कोणती, हा प्रश्न त्या क्षणी कोणाच्याही राजकारणापेक्षा निकडीचा असतो.

काही वर्षांपूर्वी चंदगडकडील एक वृद्ध शेतकरी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी माझ्याकडे आले. मुलगा सही करायला पुढे सरसावला होता. मी खुर्ची ओढून त्या आजोबांशीच बोलू लागलो. नंतर काही आठवडे जड ओझे उचलायचे नाही, असे सांगताच ते म्हणाले, "मग ऊस कोण तोडणार, साहेब?" तोड तोंडावर आली होती, हे माझ्या केसपेपरावर कोठेच नव्हते. हर्निया सहज आत सरकत होता, घाई नव्हती. गाठ कडक झाली, आत जाईनाशी झाली, उलट्या सुरू झाल्या तर त्याच क्षणी निघायचे, हे त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले आणि शस्त्रक्रिया हंगामानंतर केली. या बोलण्याला बारा मिनिटे लागली. बाहेरच्या बाकावर त्या वेळी तीसेक माणसे होती आणि त्यांची कुरकुर मला ऐकू येत होती. तीही रास्तच होती.

एक गैरसमज येथेच दूर करतो. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या स्त्रीच्या उपचाराला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. गर्भपातासंबंधीच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरीही नवरा गावाहून येईपर्यंत तिला थांबवून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी चालू आहे. ती रुग्णासाठी नसून रुग्णालयाच्या मनःशांतीसाठी असते. उलट, अपघातातील बेशुद्ध माणसाला कोणाच्याही सहीवाचून उपचार देणे हे कर्तव्य आहे. आधी जीव, मग सोपस्कार, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे.

मी जेथे काम करतो तेथे आम्ही संमतिपत्राच्या शेवटी चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. आपल्यावर काय होणार आहे, हे रुग्णाने स्वतःच्या शब्दांत तेथे लिहायचे. लिहिता येत नसेल तर सांगायचे आणि परिचारिकेने जसेच्या तसे उतरवायचे. मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत, चालेल त्या भाषेत. परवा एका बाईंनी लिहिले होते : "पोटाला तीन भोके पाडून पित्ताची पिशवी काढणार, जमले नाही तर मोठी चीर देणार, ते मला चालेल, पण आधी मुलीला फोन करा."