प्रवेश मिळाला; पहिले वर्ष कसे निभवायचे?

बारावीचा निकाल, सीईटी, कॅप राउंड, कट ऑफ. घरे महिनोन्महिने याच शब्दांभोवती फिरत असतात. प्रवेश पक्का झाला की पेढे वाटले जातात आणि पुढचे मुलगा बघून घेईल, असे सगळे धरून चालतात. खरी कसोटी त्यानंतर लागते. गावातून शहरात आलेला, घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेला विद्यार्थी पहिल्या दोन सत्रांत गळतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची बुद्धी कमी पडलेली नसते. राहायला जागा, दोन वेळचे जेवण, हक्काने विचारणारे माणूस आणि हाती काही जबाबदारी यांपैकी काहीतरी त्याला मिळालेले नसते. या चारही गोष्टी एकत्र देण्याची रीत महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी बसवली होती. ती समजून घेतली, तर आज काय करायला हवे हेही कळते.

बोर्डिंगची परंपरा

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांमध्ये निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. शिकायला येणाऱ्या मुलाला आधी निवारा हवा, हे महाराजांनी ओळखले होते. पुढे त्यांच्या पाठबळाने जैन, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा अनेक समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली.

कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरात शिकायला होते आणि जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर त्यांनी शुद्धीसाठी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. एका वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेल्या या माणसाने पुढे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारी वसतिगृहे काढली. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंगतीला जेवत. मुलांचे जेवण थांबू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत उच्च शिक्षणात रुजली.

या पद्धतीचे मर्म मला कमाईपेक्षा तिच्या रचनेत दिसते. निवारा, जेवण, सोबत आणि जबाबदारी यांची तिथे वेगवेगळी खाती नव्हती. भांडार सांभाळणारा मुलगा हिशेब शिकत होता, पंगतीत जात विसरायला शिकत होता आणि लहानांचा अभ्यासही घेत होता. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये सुरू केलेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीनेही हीच वाट धरली. ग्रामीण भागातून आलेल्या मुलामुलींनी वसतिगृहाची कामे स्वतः करायची आणि शिकायचे.

आज कोणती मदत मिळते?

आज हीच मदत वेगवेगळ्या योजनांत वाटली गेली आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४ मध्ये घेतला.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाइल आणि आधारशी जोडलेले बँक खाते या गोष्टी प्रवेशाच्या आधीच तयार ठेवा. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज एका कागदासाठी मागे आला, तरी तो वेळेत दुरुस्त करावा लागतो. आणि अर्ज मंजूर झाला, तरी पैसे खात्यावर यायला महिने लागू शकतात. खानावळीचे बिल मात्र दर महिन्याला येते. या मधल्या महिन्यांतच विद्यार्थी सर्वांत जास्त अडचणीत असतो. कॉलेजने एक छोटा उचल निधी ठेवावा आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर रक्कम परत घ्यावी. त्यासाठी मोठ्या इमारती लागत नाहीत, थोडा विश्वास लागतो.

हक्काने विचारणारे माणूस

नॅकच्या मूल्यांकनात एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत, हे विचारले जाते. म्हणून जवळपास प्रत्येक कॉलेजात मेंटॉरची यादी असते. ती यादी फायलीतच राहते की वर्गात दिसते, यावर सगळे अवलंबून आहे. सलग आठ दिवस गैरहजर असलेल्या मुलीला फोन करून ‘काय झालं गं?’ असे विचारणारी एक बाई कॉलेजात असली, तर ती मुलगी परत येण्याची शक्यता कितीतरी वाढते. आईला बरे नसते, पासचे पैसे संपलेले असतात किंवा इंग्रजीतले तास डोक्यावरून गेलेले असतात.

भाषेचा हा शेवटचा प्रश्न फार मोठा आहे. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेल्या मुलाला पुढे सगळे इंग्रजीत ऐकावे लागते. त्याला विषय कळत असतो, प्रश्न विचारायला शब्द नसतात. मग तो मागच्या बाकावर जातो आणि पहिल्या एटीकेटीनंतर ‘आपल्याला हे जमणार नाही’ असे ठरवून टाकतो. अशा वर्गात शिक्षकाने मराठीत शंका विचारायची उघड मुभा द्यावी. दर्जा त्याने खाली जात नाही.

रॅगिंगचा त्रास झाला, तर गप्प राहू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम कॉलेजवर स्पष्ट जबाबदारी टाकतात. त्यासाठीचा हेल्पलाइन क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. मन खचत असेल, तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलता येते.

कॉलेज आपले वाटते तेव्हा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय उभे केले. मिलिंदच्या नागसेनवन परिसराने मराठवाड्यातल्या हजारो घरांत पहिला पदवीधर घडवला. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक याच वातावरणातून आले. तिथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी पुढे ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाच्या रूपाने दलित साहित्याला व्यासपीठ दिले. आपल्या जगण्यावर इथे बोलता येते, लिहिता येते, रंगमंचावर उभे राहता येते, हे कळल्यावर विद्यार्थी त्या जागेचा होतो.

पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींनाही मी हेच मोल देते. नाटकात भूमिका न मिळालेला मुलगा प्रकाशयोजना किंवा नेपथ्य सांभाळतो आणि कॉलेजात त्याची ओळख तयार होते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तासांचे काम असते. सात दिवसांच्या निवासी शिबिरात एका गटाने सर्वांचा स्वयंपाक वेळेवर करणे, हा नेतृत्वाचा फार चांगला धडा आहे.

निवडणुकीशिवाय नेतृत्व?

महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेच्या आधारे नेमणुका होऊ लागल्या. हिंसा आणि पैसा हे कारण होते आणि ते खोटे नव्हते. २००६ मध्ये लिंगडोह समितीने वय, हजेरी आणि खर्च यांच्या मर्यादा सुचवल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा आणली, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. माझे मत स्पष्ट आहे: अठराव्या वर्षी आमदार निवडणाऱ्या मुलीला आपला वर्गप्रतिनिधी निवडता आलाच पाहिजे. तोवर निदान मेस समिती, ग्रंथालय समिती आणि तक्रार निवारण समिती यांत विद्यार्थ्यांना खरे मत द्या. चहा आणि सहीपुरते बोलावू नका.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

स्नेहसंमेलनाला ढाली आणि स्मृतिचिन्हे देण्याची पद्धत चांगली आहे. पण यंदा कॉलेजात जाऊन प्राचार्यांना एवढेच विचारा, की पहिल्या वर्षाच्या किती मुलांची शिष्यवृत्ती अजून आलेली नाही. त्यातल्या एका मुलाचे वर्षभराचे मेसचे बिल भरा आणि महिन्यातून एकदा त्याला फोन करा.