ऐकलेल्या गाण्यांची खतावणी

बिनाका गीतमालेचा वार्षिक कार्यक्रम म्हणजे वर्षभराच्या गाण्यांचा जमाखर्च असायचा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या या कार्यक्रमात गाणं कितव्या पायदानावर बसणार, हे रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोत्यांच्या पत्रांवर ठरायचं. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘आपली आवड’ लागायचं, तिथेही पत्रांतूनच कळायचं की लोकांना काय हवं आहे. हिशेब सगळ्यांचा मिळून एकच. एकट्या माणसाने वर्षभरात काय ऐकलं, हे फार तर त्याच्या घरच्यांना आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना ठाऊक. आपलं आपल्याला विचारलं असतं तरी नीट सांगता आलं नसतं.

हा एकट्याचा हिशेब सुरू झाला २००२ साली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकणाऱ्या रिचर्ड जोन्सने प्रकल्प म्हणून ‘ऑडिओस्क्रॉबलर’ तयार केलं. विनअँपसारख्या प्लेअरला एक छोटं प्लगइन जोडायचं; गाणं वाजलं की त्याचं नाव आणि वेळ सर्व्हरवर जाऊन बसायची. त्याच वर्षी लंडनमध्ये ‘लास्ट एफएम’ हा इंटरनेट रेडिओ निघाला होता. २००५ मध्ये दोन्ही एकत्र आले आणि ऐकलेल्या प्रत्येक गाण्याच्या नोंदीला ‘स्क्रॉबल’ म्हणायची पद्धत जगभर पसरली. २००७ मध्ये सीबीएस या अमेरिकी माध्यम कंपनीने लास्ट एफएम २८ कोटी डॉलरला विकत घेतली. एवढी किंमत रेडिओची खचितच नव्हती. कोण काय ऐकतं, याची अशी वही दुसऱ्या कोणाकडेच नव्हती.

त्या वहीत दोन गोष्टी होत्या, ज्या पुढे हळूहळू हरवल्या. एक, नोंद ठेवायची की नाही हे ऐकणारा ठरवायचा. प्लगइन तोच बसवायचा आणि वाटलं तर तोच काढायचा. दोन, गाणं कुठून आलं याच्याशी वहीला देणंघेणं नव्हतं. विकत घेतलेली सीडी असो, आयपॉड असो की मित्राच्या हार्ड डिस्कवरून उतरवलेला फोल्डर, सगळं एकाच खात्यात जमा.

आपल्याकडचे फोल्डर कसे होते, हे ज्यांना आठवतं त्यांना पुढची गंमत सांगायला नको. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. त्यातल्या एमपी३ फायलींना गायकाच्या नावाच्या जागी कुठल्या तरी फुकट्या संकेतस्थळाचं नाव चिकटवलेलं असायचं. स्क्रॉबलर बिचारा दिसेल ते लिहून घेणार. मग वर्षाअखेरीस आपला सर्वांत लाडका कलाकार म्हणून आशा भोसल्यांच्याही वर एखादं डाउनलोडचं दुकान विराजमान झालेलं दिसायचं. सुधीर फडके इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने दोन-तीन वेगळे गृहस्थ व्हायचे आणि तिघांच्या वाट्याला थोडी थोडी गाणी यायची. चिकाटीचे लोक शनिवार-रविवार बसून हे टॅग दुरुस्त करत असत. मला तो उद्योग कधी वेडेपणाचा वाटला नाही.

टॅग दुरुस्त करता येत होते, मोजायचा नियम मात्र नव्हता. लास्ट एफएमचा नियम असा, की गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं, यांतलं जे आधी होईल तेवढं वाजायला हवं. तीन-साडेतीन मिनिटांच्या पॉप गाण्यांना हा नियम चपखल बसतो. पण पाऊण तासाचा बडा ख्याल शांतपणे पूर्ण ऐकला तरी खात्यात पडतो एक. तेवढ्याच वेळात भावगीतं लावली तर दहा-बारा पडतात. म्हणजे रोज रात्री एक राग ऐकून झोपणाऱ्या माणसाच्या यादीत वरचा नंबर लागायचा तो स्वयंपाक करताना वाजणाऱ्या चित्रपटगीतांचा. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला या यादीत स्वतःचा चेहरा ओळखू येत नसे, आणि आजही बऱ्याच ठिकाणी तीच गत आहे.

लास्ट एफएमची उतरण २००९ पासून दिसू लागली. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी सोडून बाकी देशांतल्या लोकांना रेडिओसाठी महिना ३ युरो भरावे लागतील, असं कंपनीने जाहीर केलं. भारतातल्या श्रोत्याने रेडिओ सोडला, फुकट राहिलेली वही तेवढी ठेवली. २०१२ मध्ये पासवर्ड चोरीला गेल्याचं उघड झालं. चोरीची व्याप्ती ४ कोटींहून अधिक खात्यांची होती, हे कळायला २०१६ उजाडलं. २०१४ मध्ये रेडिओ बंदच झाला. स्क्रॉबल मात्र अजूनही चालू आहेत.

तोवर आपल्याकडे स्ट्रीमिंग आलं होतं. सावन आणि धिंगाणा या दोन्ही सेवा २००७ च्या, गाना २०१० ची. यातल्या धिंगाणाची पाळंमुळं पुण्यात होती. स्नेहल आणि स्वप्नील शिंदे या जुळ्या भावांनी ती काढली. टी-सीरिजबरोबरचा करार पुढे चालू राहिला नाही आणि २०१४ च्या सुरुवातीला सेवा बंद पडली. मग आर्डिओ या दुसऱ्या स्ट्रीमिंग कंपनीने तिला विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी आर्डिओनेही दुकान आवरलं. अडचणीतल्या दोन कंपन्यांची ही साखळी व्यवसायाच्या पानांवर छापून आली. लोकांनी तिथे जमवलेल्या याद्यांचं काय झालं, हे कोणी छापलं नाही. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, एअरटेलने विंक ही आपली संगीत सेवा बंद केली तेव्हा पुन्हा तेच. २०१६ नंतर जिओने डेटा स्वस्त केला, गाणी ऐकणारे कोटींनी वाढले, पण त्यांच्या ऐकण्याची नोंद ज्याच्या त्याच्या सर्व्हरवर राहिली आणि सर्व्हरबरोबर गेली.

स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. ‘रॅप्ड’ हे नाव कंपनीने २०१६ पासून वापरायला घेतलं होतं. त्याआधीही वर्षाअखेरीचा आढावा असायचाच. २०१९ च्या सुमारास तो फोनवर एकामागून एक सरकणाऱ्या रंगीत पाट्यांच्या रूपात आला, आणि तिथून डिसेंबर महिना सगळ्यांच्या स्टेटसवर याच पाट्यांचा झाला. त्याच वर्षी अॅपल म्युझिकचं ‘रिप्ले’ आलं, मग यूट्यूब म्युझिकचा ‘रीकॅप’. स्पॉटिफायने दरवर्षी नवा खेळ काढला: एकदा श्रोत्याचं तेजोवलय, एकदा व्यक्तिमत्त्वाचा प्रकार, एकदा तुमच्यासारखं ऐकणारं जगातलं शहर. खेळ चांगले होते, मीही खेळलो. पण गीतमालेत निदान पत्र आपण टाकत होतो. इथे पत्रही त्यांचं, निकालही त्यांचा, आणि निकालाची जाहिरात फुकटात करायचं काम आपलं.

निकालातही गाळलेल्या जागा आहेत. मोजणी जानेवारीपासून सुरू होते आणि रॅप्ड जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी थांबते. म्हणजे डिसेंबरमध्ये ऐकलेलं या वर्षात धरत नाहीत आणि पुढच्याही वर्षात नाही. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरातच होतो. मंडपातून घरी येऊन, तिथे ऐकलेल्या कलाकाराच्या जुन्या रेकॉर्ड पंधरा दिवस पुन्हा पुन्हा लावणारे श्रोते या शहरात कमी नाहीत. रॅप्डच्या लेखी त्यांनी त्या पंधरा दिवसांत काहीच ऐकलेलं नसतं.

गाणं ‘ऐकलं’ असं धरायला तिथे ३० सेकंद पुरतात. हा आकडा मुळात आपल्या आवडीसाठी काढलेलाच नाही. गाण्यामागे पैसे मोजायचे तर एकक हवं, म्हणून तो आला. त्यात २०२४ पासून नवी अट आहे: ज्या गाण्याला १२ महिन्यांत १,००० वेळाही कोणी वाजवलं नाही, त्याला छदाम मिळत नाही. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या शाहिराने स्वतः रेकॉर्ड करून टाकलेल्या पोवाड्याचं काय होत असेल, याचा अंदाज करायला रॅप्ड लागत नाही.

२०२५ च्या रॅप्डमध्ये ‘ऐकण्याचं वय’ आलं. तुमच्या वयाच्या इतरांपेक्षा तुम्ही कोणत्या वर्षांतली गाणी जास्त ऐकता, त्यावरून हे वय काढतात. पंचविशीतल्या मुलांची वयं सत्तरीपार निघाली आणि त्यांनी ती मोठ्या कौतुकाने मिरवली. पण जुन्या भारतीय गाण्यांच्या बाबतीत हे वर्षच भरवशाचं नसतं. साठच्या दशकातलं भावगीत स्ट्रीमिंगवर बऱ्याचदा एखाद्या संकलनातून आलेलं असतं आणि त्याच्यापुढे त्या संकलनाचं वर्ष लिहिलेलं असतं. त्यामुळे आजोबांच्या आवडीची गाणी ऐकणारा नातू कागदावर तरुणही ठरू शकतो.

आणि या सगळ्या याद्यांमध्ये गीतकार क्वचितच दिसतो. कलाकार म्हणजे गायक, फार तर संगीतकार. गदिमांनी, शांताबाई शेळक्यांनी, जगदीश खेबुडकरांनी लिहिलेलं वर्षभर रोज ऐका, वर्षाअखेरीला त्यांच्या नावाची पाटी येत नाही. मराठी श्रोता गाण्याची ओळख सांगताना गीतकाराचं नाव घेतोच. आकाशवाणीवरही गीत, संगीत, स्वर असं तिन्ही सांगायची शिस्त होती. अॅपमध्ये ‘क्रेडिट्स’ उघडून पाहिलं तर कधी नाव सापडतं, कधी नाही. मोजणीत ते येत नाही.

मूळ वही हवी असेल तर आता ती मागून घ्यावी लागते, आणि मागायची सोय झाली ती कायद्यामुळे. युरोपातला जीडीपीआर २५ मे २०१८ पासून लागू झाला. आपली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात मिळण्याचा हक्क त्याने तिथल्या लोकांना दिला, आणि कंपन्यांनी ती खिडकी आपल्यालाही उघडून दिली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीचा गोषवारा मागण्याची तरतूद आहे. माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या मसुद्यात होता, अंतिम कायद्यात राहिला नाही.

स्पॉटिफायच्या संकेतस्थळावर खात्यातल्या गोपनीयतेच्या पानावर ऐकण्याच्या इतिहासाचे दोन प्रकार दिसतात. साधी मागणी केली तर गेल्या वर्षभराचाच इतिहास येतो. ‘एक्स्टेंडेड’ मागितला तर खातं उघडल्यापासूनचा सगळा येतो, पण ३० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. हा दुसराच मागावा. त्यात प्रत्येक वाजवण्यामागे एक नोंद असते: कोणतं गाणं, कोणत्या उपकरणावर, कोणत्या देशातून, किती मिलिसेकंद वाजलं, कशामुळे सुरू झालं आणि कशामुळे थांबलं. पूर्ण झालं की मधेच पुढे ढकललं, तेही लिहिलेलं असतं. ही नोंद जेसन प्रकारच्या फायलीत येते आणि ती एक्सेलमध्ये उघडता येते. वेळा मोजण्याऐवजी मिलिसेकंदांची बेरीज केली की पाऊण तासाच्या ख्यालाला त्याचा पाऊण तास मिळतो आणि यादी एकदम उलटीपालटी होते.

एक मेख तेवढी सांभाळायची. त्या फायलीतली वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आधी ऐकलेली भूपाळी तिथे आदल्या दिवशीच्या खात्यात पडते, आणि १ जानेवारीची भूपाळी गेल्या वर्षात. तारखांवरून काही काढायचं असेल तर आधी साडेपाच तास मिळवून घ्यावेत.

अॅपलकडे माहितीची मागणी करता येते. मिळणाऱ्या फायलींत वाजवण्याची नोंद असते. यूट्यूब म्युझिकचं ऐकणं गूगल टेकआउटमधून यूट्यूबच्या इतिहासाबरोबर येतं. इथे मात्र जून २०२० नंतर उघडलेल्या खात्यांत इतिहास ३६ महिन्यांनी आपोआप पुसायची व्यवस्था मुळातच चालू असते. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद केली नसेल तर आधीचं मागूनही मिळणार नाही.

बिलाच्या रूपात आवडती गाणी छापून देणारे किंवा तुमच्या आवडीची टिंगल करणारे छोटे उद्योग मधल्या काळात बरेच निघाले. त्यांना स्पॉटिफायकडून फक्त क्रमवारी मिळते, किती वेळा ऐकलं तो आकडा मिळत नाही. ताज्या इतिहासातली शेवटची ५० गाणी तेवढी दिसतात. म्हणूनच स्टॅट्स एफएमसारखी अॅप जुना हिशेब हवा असेल तर तुमचीच फाइल तुमच्याकडे मागतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पॉटिफायने नव्या अॅपसाठी बरीच दारं बंद केली. गाण्याची लय, नाचण्याजोगेपण वगैरे सांगणारे आकडे त्यांत गेले.

आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एकाच सेवेच्या आढाव्यावर विसंबायला सांगणार नाही. अँड्रॉइडवरचं पॅनो स्क्रॉबलर फोनवर कोणत्याही अॅपमध्ये काय वाजतंय ते टिपतं. जिओसावनवर सकाळचे अभंग आणि यूट्यूब म्युझिकवर रात्रीची नाट्यगीतं, दोन्ही एकाच ठिकाणी जमा होतात. नोंद लास्ट एफएमला पाठवता येते किंवा लिसनब्रेन्झला. लिसनब्रेन्झ ही मेटाब्रेन्झ या ना-नफा संस्थेची सेवा आहे, वही केव्हाही उतरवून घेता येते. पण ती सार्वजनिक असते. कोणत्या रात्री दोन वाजता काय ऐकलं हे जगाला दिसतं, याची तयारी हवी.

लिसनब्रेन्झच्या मागे म्युझिकब्रेन्झचा कोश आहे आणि त्यात गाण्याला गीतकार, संगीतकार, वादक असं सगळं वेगवेगळं जोडता येतं. गदिमांचं नाव कधी कुणाच्या वर्षाच्या हिशेबात यायचं असेल तर ते याच वाटेने येऊ शकेल. तो कोश विकिपीडियासारखा स्वयंसेवकांनी भरलेला आहे. खातं उघडायला पैसे पडत नाहीत, आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर गीतकाराचं नाव छापलेलं असतं.