मालवाहू ट्रकच्या एक्झॉस्ट नळीची निवड : तयार नळी की मापानुसार घडविलेली नळी?

प्रस्तावना

महाराष्ट्रातील रस्त्यावरील मालवाहतुकीत एक किंवा दोन ट्रक बाळगणाऱ्या लहान मालकांचा वाटा मोठा आहे. अशा मालकाच्या ट्रकची एक्झॉस्ट नळी गंजून फुटली, की गाडी उभी राहते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. कंपनीचा मूळ भाग महाग पडतो किंवा जुन्या गाडीसाठी तो वेळेवर मिळत नाही. मग दोन मार्ग उरतात. सुट्या भागांच्या बाजारातून अन्य उत्पादकाने तयार केलेली नळी आणणे, हा पहिला. गॅरेजशेजारच्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये गाडीच्या मापाने नळी घडवून घेणे, हा दुसरा. हा निर्णय बहुधा किमतीवर आणि मिस्त्रीच्या शब्दावर होतो. प्रस्तुत लेखात या निवडीचा तांत्रिक, आरोग्यविषयक व कायदेशीर अंगांनी विचार केला आहे.

एक्झॉस्ट व्यवस्थेचे दोन भाग

निवडीपूर्वी नळीचा कोणता भाग बदलावयाचा आहे, हे निश्चित करणे आवश्यक ठरते. भारतात १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ मानके लागू झाली. या मानकांच्या अवजड डिझेल ट्रकमध्ये टर्बोचार्जरमधून निघालेला धूर सामान्यतः प्रथम ऑक्सिडेशन कॅटॅलिस्टमधून व नंतर सूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळणीतून जातो. पुढे त्यात युरियाचे ३२.५ टक्के द्रावण फवारले जाते आणि त्यानंतरच्या कॅटॅलिस्टमध्ये नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे विघटन होते. या मार्गावर तापमान, दाब व वायू मोजणारे संवेदक बसविलेले असतात. शुद्धीकरणाची ही पेटीच बहुधा सायलेन्सरचेही काम करते.

टर्बोचार्जरपासून या पेटीच्या तोंडापर्यंतचा मार्ग हा पहिला भाग होय. येथे सांध्यातून धूर गळला किंवा नळीचे माप बदलले, तर संवेदकांची मोजणी चुकते, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि बिघाडाच्या स्वरूपानुसार इंजिनाची शक्तीही आपोआप कमी केली जाते. पेटीनंतरची शेपटाकडील नळी हा दुसरा भाग. तयार नळी की घडविलेली नळी, हा प्रश्न खऱ्या अर्थाने याच भागापुरता मर्यादित आहे. बी.एस.-३ व त्यापूर्वीच्या बहुतेक ट्रकांत शुद्धीकरणाची अशी पेटी नसल्याने तेथे निवडीला अधिक वाव असतो; परंतु सायलेन्सर त्यांनाही अनिवार्य आहे.

तुलनात्मक विवेचन

१) व्यास : नळी जितकी रुंद तितके इंजिन मोकळे, अशी समजूत रूढ आहे. नळीचे छेदक्षेत्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ३ इंचांऐवजी ४ इंची नळी बसविल्यास क्षेत्र सुमारे १.७८ पट होते. मात्र धुराला होणारा मोठा अडथळा गाळणी, कॅटॅलिस्ट व सायलेन्सर यांत असतो. तो कायम असताना केवळ शेवटची नळी रुंद केल्याने इंधनात लक्षणीय बचत संभवत नाही. मूळ व्यास राखणे, हाच सुरक्षित नियम होय.

२) बाक : दर्जेदार तयार नळी वाकविताना आतून साच्याचा आधार दिलेला असतो, त्यामुळे बाकावर तिची गोलाई टिकते. वर्कशॉपमध्ये नळी थेट दाबून वाकविल्यास ती बाकावर चपटी होते व धुराची वाट अरुंद होते. वाळू भरून, तापवून वाकविलेली किंवा तिरके तुकडे कापून नीट जोडलेली नळी त्याहून बरी. म्हणजेच गुणवत्ता येथे कारागिराच्या पद्धतीवर अवलंबून राहते.

३) धातू : डिझेलच्या ज्वलनातून पाण्याची वाफही निर्माण होते. उरणचे बंदर ते कळंबोली अशा कमी अंतराच्या फेऱ्या करून रांगेत थांबणाऱ्या ट्रकची नळी पुरेशी तापत नाही. हे पाणी आत साचते आणि नळी आतून गंजते. बाहेरून समुद्राची खारी हवा त्यात भर घालते. अशा ट्रकसाठी साध्या पोलादापेक्षा ॲल्युमिनियमचा लेप दिलेले पोलाद किंवा सुमारे ११ टक्के क्रोमियम असलेले ४०९ प्रतीचे स्टेनलेस पोलाद टिकाऊ ठरते. विदर्भाच्या कोरड्या हवेत लांब पल्ल्याने धावणाऱ्या ट्रकला साधी नळीही तुलनेने अधिक काळ पुरते.

४) जोडणी : पोलादी नळीचे तापमान ३०० अंश सेल्सियसने वाढले, तर ३ मीटर लांबीची नळी सुमारे ११ मिलिमीटरने लांबते. ही वाढ सामावून घेण्यासाठी लवचीक जोडनळी व रबरी हँगर असतात. घडविलेली नळी थेट चॅसिसला वेल्डिंगने जखडली, तर काही महिन्यांतच सांध्यावर तडा जातो. तयार नळीची छिद्रे व पट्ट्या ठरावीक मॉडेलसाठी असतात; व्हीलबेस वाढविलेल्या किंवा टँकरची बांधणी असलेल्या ट्रकला ती बसत नाही. अशा वेळी मापानुसार घडविलेली नळीच योग्य ठरते.

चालकाचे आरोग्य व कायदा

नळीचा खर्च मालक करतो. तिचे परिणाम मात्र प्रथम चालक व क्लीनर यांना भोगावे लागतात. आतील जाळ्या काढलेल्या सायलेन्सरचा आवाज दिवसातील दहा-बारा तास त्यांच्याच कानांवर आदळतो. केबिनखाली गळणारा धूर झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या घटकांत केला.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक मोटार वाहनास सायलेन्सर आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ अन्वये अनधिकृत फेरबदलासाठी मालकास प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद केली. कलम १९०(२) अन्वये ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, तसेच ३ महिन्यांसाठी परवाना धारण करण्यास अपात्रता, अशी तरतूद झाली. या कलमाच्या कक्षेत वाहन चालविणाराही येतो. मालकाने वाचविलेल्या पैशांची किंमत चालकाच्या रोजगाराने चुकती होण्याचा धोका येथे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शुद्धीकरण पेटी व तिच्यापूर्वीचा मार्ग यांसाठी उत्पादकाचा किंवा त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त भागच वापरावा, पेटी काढून साधी नळी जोडणे हा पर्यायच नव्हे.

२) पेटीनंतरच्या भागासाठी, ट्रक मूळ बांधणीचा असल्यास, त्या मॉडेलची दर्जेदार तयार नळी घ्यावी.

३) बांधणी बदललेली असल्यास किंवा तयार नळी उपलब्ध नसल्यास नळी घडवून घ्यावी, मात्र मूळ व्यास, न चपटलेला बाक, योग्य धातू, लवचीक जोडणी व अखंड सायलेन्सर या पाच बाबी स्वतः तपासून घ्याव्यात.

नळी कोठे बनली यापेक्षा ती ट्रकच्या कोणत्या भागात व कशी बसते, यावर निवडीची योग्यता ठरते. स्वस्त नळी वर्षभरात पुन्हा बदलावी लागली, तर नळीच्या दुसऱ्या किमतीबरोबर उभ्या गाडीचे बुडालेले भाडेही हिशेबात धरावे लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वेल्डर व डिझेल मेकॅनिक यांच्या प्रात्यक्षिकांत या बाबींवर भर दिल्यास, ज्या कारागिराच्या शब्दावर हा निर्णय होतो, त्याचा शब्द अधिक विश्वासार्ह होईल.