टॅबलेटवर हेडफोन का वाजत नाही?

हेडफोनचा आवाज बंद पडला, एकाच कानात येऊ लागला किंवा मध्येमध्ये तुटू लागला, की दोष तीनपैकी एका ठिकाणी असतो : हेडफोनमध्ये, टॅबलेटमध्ये किंवा त्या दोघांच्या जोडणीत. तो शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही. तोच हेडफोन घरातल्या मोबाइलला लावून पाहावा आणि त्याच टॅबलेटला दुसरा हेडफोन. मोबाइलवर हेडफोन नीट वाजला तर तो चांगला आहे. टॅबलेटवर दुसराही गप्प राहिला तर दुखणे टॅबलेटचे. पण पुष्कळदा दोन्ही वस्तू धडधाकट असतात, फक्त त्यांचे एकमेकांशी जमत नाही. अशा वेळी नवा हेडफोन घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

3.5 मिलिमीटरच्या गोल पिनेचे उदाहरण घ्या. माइक असलेल्या हेडफोनच्या पिनेवर तीन रेघा दिसतात. या रेघा धातूचे चार भाग वेगळे करतात : डावा कान, उजवा कान, दोघांची सामाईक परतीची वायर आणि माइक. पहिल्या दोन भागांचा क्रम सगळीकडे सारखा. शेवटच्या दोन भागांचे मात्र दोन प्रघात पडले, सीटीआयए आणि ओएमटीपी. आजची बहुतेक उपकरणे पहिला प्रघात पाळतात. जुना, दुसऱ्या प्रघाताचा हेडफोन अशा टॅबलेटला लावला की विचित्र अनुभव येतो. वाद्ये लांबून ऐकू येतात आणि गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. परतीची वाट तुटल्यामुळे दोन्ही कानांना डाव्या-उजव्या आवाजांमधला फरक तेवढा मिळतो, आणि गायकाचा आवाज सहसा दोन्हीकडे सारखाच असल्याने तो वजा होतो. माइकचे बटण दाबून धरल्यावर गाणे पूर्ववत झाले, तर निदान पक्के समजावे. दोन्ही प्रघात जुळवणारा छोटा अडॅप्टर लावला की काम भागते.

पिन अर्धवट बसली तरी असाच घोळ होतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे जॅकच्या तळाशी दाबून बसलेला कापडाचा पुंजका. पिशवीत ठेवल्या जाणाऱ्या टॅबलेटमध्ये तो हळूहळू साठतो आणि पिन शेवटपर्यंत जाऊ देत नाही. टॅबलेट बंद करून, टॉर्चच्या उजेडात, कोरड्या लाकडी टूथपिकने तो अलगद बाहेर काढावा. टाचणी किंवा सेफ्टी पिन वापरू नये. आतल्या नाजूक पट्ट्या वाकल्या तर जॅकच बदलावा लागतो. तोंडाने फुंकरही मारू नये, वाफ आत जाते. याच कचऱ्यामुळे कधी उलटेही घडते : हेडफोन काढला तरी टॅबलेटला तो लावलेलाच वाटतो आणि स्पीकर मुका राहतो.

वायर हलवताच आवाज येत-जात असेल तर ती आतून तुटली आहे. बहुधा पिनेच्या मानेशी, कारण सगळा ताण तिथेच पडतो. नवी पिन सोल्डर करून घेता येते.

गोल जॅक नसलेल्या टॅबलेटची गोष्ट वेगळी. ॲपलने 2018च्या आयपॅड प्रोमधून तो काढून टाकला आणि 2022च्या साध्या आयपॅडमध्येही ठेवला नाही. अँड्रॉइडच्या अनेक टॅबलेटचीही हीच तऱ्हा आहे. तिथे हेडफोन यूएसबी-सीच्या खाचेत अडॅप्टरने लावावा लागतो आणि फसगत तिथेच होते, कारण बाहेरून सारखे दिसणारे अडॅप्टर दोन जातींचे असतात. एकात नुसत्या वायरी असतात. आवाजाचा विद्युतसंकेत टॅबलेटने तयार करून द्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. दुसऱ्यात डीएसी नावाची चिप असते. ती डिजिटल माहितीपासून तो संकेत स्वतः बनवते. यूएसबी-सी आयपॅड आणि पुष्कळसे अँड्रॉइड टॅबलेट या खाचेतून तयार संकेत देतच नाहीत, म्हणून पहिल्या जातीचा अडॅप्टर त्यांच्यावर वाजत नाही. अँड्रॉइडवर कधीकधी तशी सूचनाही झळकते. खरेदी करताना वेष्टनावर ‘डीएसी’ लिहिले आहे का, एवढे पाहिले तरी बरीच कटकट टळते.

ब्लूटूथच्या तक्रारींत पहिला संशय घरातल्या दुसऱ्या उपकरणावर घ्यावा. इअरबड डबीतून काढताच ते ओळखीच्या उपकरणाला, बहुधा शेवटी वापरलेल्याला, जाऊन चिकटतात, मग ते शेजारच्या खोलीत का असेना. त्या उपकरणाचे ब्लूटूथ बंद करून पाहावे. तरीही जोडणी होत नसेल तर टॅबलेटच्या यादीतून हेडफोनचे नाव काढून टाकावे, हेडफोन पेअरिंग स्थितीत न्यावा आणि नव्याने जोडावा. दोघांनी जपलेली ओळखीची किल्ली जुळेनाशी झाली की यादीत नाव दिसूनही जोडणी फसते. आवाज तुटत असेल तर अंतर, भिंती आणि गर्दी पाहावी. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तोच पट्टा वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही वापरतात. वाय-फाय 5 गिगाहर्ट्झवर नेल्याने फरक पडतो.

ऑनलाइन वर्गात आवाज अचानक बसका होतो, तो बिघाड नव्हे. माइक सुरू झाला की ब्लूटूथ संगीताची वाट सोडून संभाषणाच्या अरुंद वाटेवर येते. ॲपमध्ये सोय असेल तर टॅबलेटचाच माइक निवडावा.

एकाच कानात आवाज येत असेल तर सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत डाव्या-उजव्या बाजूचा तोल मधोमध आहे का, हे तपासावे. मुलांच्या हातून ती पट्टी सहज सरकते. ब्लूटूथची जोडणी काही केल्या होत नसेल तर शेवटचा उपाय नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करण्याचा, पण त्यात वाय-फायचे पासवर्डही पुसले जातात, ते आधी लिहून ठेवावेत. एवढ्यानेही भागले नाही तर सेवा केंद्रात जाताना टॅबलेटबरोबर तोच हेडफोन आणि तोच अडॅप्टर न्यावा. जोडणीतला दोष नुसत्या टॅबलेटवरून कारागिराला सापडत नाही.